बोरच्या पान्याची टाकी

वंदी म्हनते, आई, बाबांबद्दल दोन शब्द सांग, मी लिहून घेते, समाजाच्या अंकात द्याचं हाये. तिनं आधीच्या अंकातले दोन-चार लेख वाचून पन दाखवले. त्यात मेलेले सगयेच मानसं प्रेमळ. सगयेच हसतमुख. मी म्हनलं, असं मले जमत नाई बाई. अन् त्याइच्याबद्दल कायले सांगू, त्याइलेच सांगते. तू लिही. मधात बोलू नको.

तं ऐका.

तेरवी झाली तुमची. पाहुने गेले. भांडे घासून झाले. घरात तुमचा आवाज नाई, पन तुमच्या मासोयीच्या टाकीची मोटर चालू हाये. बुडबुड, बुडबुड. मानूस गेला अन् मासोयांची हवा सुरू. मी सकायी उठते तं पह्यले तेच कानावर येते. बंद करता येत नाई, बंद केलं तं मरतीन. जिवाची गोष्ट हाये, म्हनून चालू ठेवलं.

तुमी गेले तं माह्यासंगची एक गोष्ट न बोलताच गेले. अकोल्याची. तुमाले मालूम हाये कोनती. चाळीस वर्साच्या वर झाले असतीन. मी वाट पाह्यली. भांडून पाह्यलं, गुमान राहून पाह्यलं. तुमी काही बोलले नाई. मासोयीच्या पान्याबद्दल मात्र सकायपासून संध्याकायपर्यंत बोलत होते.

वंदीले सांगते, कारन लेख वाचनाऱ्याले काय मालूम. हे भाजीवाले होते. भातकुलीले घर, मांगं थोडंसं वावर. वांगे, पालक, मेथी. अमरावतीच्या बजारात बसत. अन् घरात काचेच्या टाक्या. पह्यले एक होती, मंग भिंतभर झाल्या. त्याच्यात बोटाच्या दोन पेराएवढ्या मासोया. अकोल्याचे शकीलभाई त्याले काकाटू म्हनतात, दुकानावर इकतात. नर असला तं शेपटी अशी लाल-नारंगी, जसा चुलीतला इस्तो, अन् पाठीवर कोंबड्याच्या तुऱ्यावानी काटे. मादी साधी. मातकट. दुकानात तिच्याकडे कोनी मान वळवून पाहत नाई.

पन अंडे दिले की तिचं रूप पाहा. हयद लागल्यावानी पिवयी होते. फुटक्या मडक्याच्या खपरीखाली अंडे ठेवते अन् नराले जवय फिरकू देत नाई. तिच्याहून दुप्पट मोठा नर, त्याले हाकलून लावते. पिलं निघाले की त्याइले मांगं घेऊन फिरते, सारी टाकी दाखवते. मले ते मादी आवडे. तुमाले नर.

तुमचंही चुकत नव्हतं म्हना. शकीलभाई नरच घेत. अन् आपल्या टाकीत निघे काय? मादीच मादी. पिलं थोडे मोठे झाले की तुमी छोटी जायी घेऊन बसत. नर इकडच्या टाकीत. मादी मोठ्या टाकीत. मोठ्या टाकीत तुमचा ऑस्कर मासा होता, थायीएवढं धूड. तो आ करे अन् खाऊन टाके.

मी एक दिवस इचारलं, "त्याच्यात कायले टाकता?"

"मादी हाये. कोन घेते तिले?"

"मंग राहू द्या ना."

"राहू देऊन काय करू? जागा कुठं हाये?"

तुमी जायी उलटी केली. मी तिथून उठून वावरात गेली. पालक खुडत बसली. तुमाले वाटलं, मले किळस आली.

मंग तुमी म्हनायले लागले, "हे मादीच खराब हाये. इच्या पोटी मादीच येते." तिले काढलं, दुसरी आनली. दुसरीलेही मादीच झाल्या. तिले काढलं, तिसरी आनली. आपल्या शेजारचे भाऊजी वट्ट्यावर बसून हासत. म्हनत, "काय राव, मासोयीले पन सवत आनून राहिले का?" तुमी पन हासले. मी आतून ऐकून राहिली होती. मले हासू नाई आलं.

कारन हे बोलनं मी पह्यले ऐकलं होतं. तुमच्या मायच्या तोंडून.

माह्यं माहेर पातूरचं, गोड्या पान्याचं. लगन होऊन भातकुलीले आली अन् पह्यल्या घोटाले तोंड वाकडं झालं. सारा खारपान पट्टा. बोरच्या पान्यात डाय शिजत नाई, साबनाले फेस येत नाई, डोक्याचे केस दोरीवानी होतात. तुमची माय म्हने, "सवय होईन." झाली. मानसाले कायचीही सवय होते.

शोभा झाली, तुमची माय गुमान राह्यली. वंदी झाली, तं तिनं बायंतिनीच्या खाटेजवय उभं राहून म्हनलं, "माह्या पोराचा वंश बुडवला या बाईनं." तुमी दारात होते. तुमी ऐकलं. तिनं तुमच्यासाठी दुसरी पाह्यली, नात्यातलीच. तवा तुमी नाई म्हनलं. लिही वंदी, खोटं नाई बोलत मी, तुह्या बापानं तवा नाई म्हनलं. माह्यापाशी येऊन सांगतलं, "भेव नको." तेवढ्या दोन शब्दावर मी बहुत दिवस काढले.

मंग तिसऱ्या खेपेले दिवस राह्यले.

मले सांगतलं, रक्त कमी हाये, अकोल्याले दाखवून आनू. बडनेऱ्याहून गाडीत बसवलं. मूर्तिजापूर गेलं, तुमी खिडकीतून भायेर पाहून राहिले होते. मले वाटलं, माह्या काळजीनं बोलत नाई. दवाखाना मोठा. भायेरच्या खोलीत खुर्च्या, अन् भिंतीले लावलेली काचेची पेटी, त्याच्यात रंगीत मासोया. मी जन्मात तसं पाह्यलं नव्हतं. तुमीही नाई. मले आत नेलं. पोटात सुई घातली, लांब. पानी काढलं. माह्या लेकराच्या भोवतालचं पानी. शिशीत भरलं, वर चिठ्ठी चिकटवली. मी नर्सबाईले इचारलं, "बाई, रक्त पाहाचं होतं ना, हे पानी कायले?" ते म्हने, "तुमच्या मालकाले इचारा."

मालक भायेर मासोया पाहत बसले होते.

परतीच्या गाडीत मी इचारलं, "पानी कायले काढलं?" तुमी म्हनलं, "तपासाले." एवढंच. बडनेरा जवय आल्यावर मंग तुमचं तोंड उघडलं. काय बोलले, याद हाये? म्हनलं, "किती रंगाच्या होत्या वो मासोया."

लोकं इचारत, भाजीवाल्याले हा नाद कुठून लागला. तुमी सांगत, असाच लागला. मी आतून भाकर थापत ऐके. मले मालूम होतं कुठून लागला.

तपासनीचा कागद आनाले तुमी एकलेच गेले. वापस आले तं पह्यले मायच्या खोलीत गेले. माह्याकडे मंग आले. मी तुमच्या चपलीकडे पाह्यलं, तुमी चपला काढल्याच नव्हत्या. म्हनलं, "उद्या अकोल्याले जा लागते." मले कोनी इचारलं नाई. लेकरू हालत होतं तवा. संध्याकायी हाले, मी आडवी झाली की. दुसऱ्या दिवशी अकोल्याहून आली तं हालनं बंद. मंग माही कूस भरलीच नाई. तुमच्या मायनं त्याचा दोष पन मलेच देल्ला. मरेपर्यंत देल्ला. अन् तुमी तिच्या शेवटापर्यंत तिचे पाय चेपले. चेपा, माय होती तुमची. पन एक डाव तिले सांगाचं होतं, माय, गुमान राहाय.

तुमी वाईट मानूस नव्हते, हेच माह्यं दुखनं हाये. वाईट असते तं मी मोकयी झाली असती. मले टायफाइड झाला तवा तुमी भाकरी थापल्या, एका बाजूनं कच्च्या, एका बाजूनं करपलेल्या. शोभा म्हने, "बाबा, ही भाकर हाये का नकाशा?" दोघी पोरीइले तुमी शिकवलं, वंदीले मास्तरीन केलं. मायशी त्याच्यासाठी भांडले पन. कवया पालक बजारात जाच्या आधी माह्यासाठी काढून ठेवत. मी हे सगयं याद ठेवलं. ते एक पन याद ठेवलं. एकानं दुसरं पुसल्या जात नाई.

आता शकीलभाईची गोष्ट.

तुमी ती तिसरी मादी, खराब म्हनून, शकीलभाईले फुकटात देऊन टाकली होती. काही महिन्यानं तो आपल्याकडे आला. वट्ट्यावर बसला, चहा पेला, अन् हासाले लागला. म्हने, "भाईसाब, तुम्हारी वो खराबवाली मादी ने तो मेरे यहाँ नर ही नर दिए."

तुमी म्हनलं, "काहीही सांगू नका राव."

"अल्ला कसम. तुम्हारे यहाँ का पानी खारा, भारी. ऊपर से टाकी जमीन पे, ठंडी. उसमें मादी ज्यादा निकलती. मेरे यहाँ बारिश का पानी, हलका, थोड़ा खट्टा, और गरम. उसमें नर ज्यादा. अंडा फूटने के बाद शुरू के दिन जैसा पानी, वैसी औलाद. मादी को काहे को बदनाम करते?" अन् मंग माह्याकडे पाहून म्हने, "क्यों भाभी?"

मी कप उचलले अन् आत गेली.

तो गेला तसे तुमी धावत आले. मी अंबाडी निवडत बसली होती. तुमचं तोंड असं फुललेलं, जसं काही लॉटरी लागली. "ऐकलं का वो, शोभाची माय? मादीचा दोषच नव्हता. सारा पान्याचा खेळ. बिचारीले मी फुकट काढून टाकलं!"

मी मान वर केली. म्हनलं, "हे तुमच्या मायले सांगाचं होतं."

तुमी उभेच. अंबाडीचे देठ माह्या हातात. मी आनखी म्हनलं, "मासोयीसाठी जीव कयवयला तुमचा. बिचारी म्हनलं तिले. मले कवा म्हनलं?"

तुमच्या तोंडावरचं हासू उतरलं. तोंड उघडलं तुमी. मी पाह्यलं, उघडलं होतं. मले वाटलं, आता येते. मंग तुमी म्हनलं, "मोटरीचा आवाज अलग येऊन राहिला, पाहून येतो." अन् गेले.

ते भांडन तिथंच पडून हाये. अंबाडीच्या देठावानी.

पुढं तुमी टाक्याइचं पानी बदललं. टिनावरचं पावसाचं पानी ड्रमात धरलं. शायेतल्या जंगली बदामाचे गयलेले पानं मीच येचून आने, धुवून देई, तुमी ते पान्यात भिजत टाकत. पानी चहावानी होई. टाक्या जमिनीवरून उचलून फळीवर ठेवल्या, गरम कराच्या नळ्या लावल्या. अन् ते थेंबाची शिशी. काचेच्या नळीत टाकीचं पानी घ्याचं, थेंब टाकाचे, हालवाचं. निया रंग आला तं भारी पानी, मादीचं. पिवया आला तं हलकं, नराचं. पिवया आला की तुमी नळी उजेडात धरून मले दाखवत. "पाहाय, पाहाय." तुमी पानी तपासत अन् मी तिकडे पाठ करे. तुमी कवा इचारलं नाई, ही पाठ काऊन करते. का समजलं होतं म्हनून नाई इचारलं?

नर निघाले. शकीलभाई खूश. तुमचं नाव झालं, अमरावतीचे पन लोकं पाहाले येत.

अन् तवाच कवातरी तुमी ते मादी शकीलभाईकडून वापस आनली. ऑस्कर त्याले देऊन टाकला. कोपऱ्यात एक जुनी टाकी ठेवली, जमिनीवर. त्याच्यात ना बदामाचे पानं, ना गरम नळी. निव्वय बोरचं खारं पानी. मादीले त्याच्यात सोडलं. तिले पोरी झाल्या. त्या तुमी इकल्या नाई, काढल्या नाई. ते मेली, तिच्या पोरीइले पोरी झाल्या. तुमी तिथं वेताचा मोडा घेऊन बसत.

मी एकडाव इचारलं, "हे कायले?"

"राहू दे."

एवढंच बोलले. राहू दे.

वंदी लिहिता लिहिता थांबली. म्हने, "आई, तीच त्यांची माफी होती. त्यांना तोंडानं नाही जमलं." मी म्हनलं, असन. तुमी शिकलेले लोकं, तुमाले दिसते. मले मासोयाइची भाषा येत नाई. मले मराठी येते. तोंड मासोयीले नव्हतं बोलाले, तुह्या बापाले होतं. मी त्याच घरात होती, त्याच चुलीजवय. कोपऱ्यात टाकी ठेवाची अन् बाईनं समजून घ्याचं, हे पन मीच कराचं का?

अमरावतीच्या दवाखान्यात तुमी शेवटी शेवटी बोलत नव्हते. त्या दिवशी दुपारी हात हालवला. मी जवय गेली. कान तुमच्या तोंडाले लावला. मले वाटलं, आता. येवढ्या वर्साचं आता येईन. तुमी म्हनलं, "कोपऱ्यातल्या टाकीत बदामाचं चहावानी पानी टाकू नको. बोरचंच टाक."

मी म्हनलं, "अजून काही?"

तुमी डोये मिटले. अजून काही नव्हतं.

रडली नाई मी. लोकं म्हनले, धक्का बसला बुढीले. धक्का नाई, राग होता. अजून हाये. तोंडात शेवटचं पानी शोभानं घातलं तुमच्या. अग्नी पन तिनंच देल्ला. तुमचा पुतन्या पुढं आला होता मडकं घ्याले, शोभानं त्याच्या हातून घेतलं, म्हने, "दादा, मी हाव ना." चारचौघात कुजबुज झाली. मी ऐकली. मले वाटलं, तुमची माय आज असाले पाह्यजे होती.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी शकीलभाई आला. डोये पुसले त्यानं, खरंच पुसले. म्हने, "भाभी, ये सब आप से नहीं सँभलेगा. मैं ले जाता." मी म्हनलं, "घेऊन जा." नर देल्ले. मोठ्या टाक्या देल्ल्या. गरम नळ्या, ड्रम, बदामाच्या पानाची थैली. थेंबाची शिशी मी माह्या हातानं त्याच्या हातात देल्ली.

तो कोपऱ्यातल्या टाकीकडे गेला. वाकून पाह्यलं. "भाभी, इसमें तो एक बूढ़ा नर छोड़ के सब मादी है. इनका क्या करोगी?"

"राहू दे," मी म्हनलं.

तोंडातून निंघून गेलं. तुमचेच शब्द. मले माह्याच तोंडाचा राग आला.

आता भिंत रिकामी हाये. एकच मोटर बुडबुड करते. त्या टाकीतली एक जन परवापासून पिवयी झाली. खपरीखाली बसून हाये, मी हात नेला तं माह्या बोटावर धावून आली. येवढीशी. मले बरं वाटलं.

वंदी इचारते, "आई, शेवटी काय लिहू? माफ केलं म्हनून लिहू का बाबांना?"

मी तिले म्हनलं, ते लिहू नको. नाई केलं, हे पन लिहू नको. तुमी तुमचं न बोलता घेऊन गेले. माह्यं माह्यापाशी राहू द्या.

मी बोरवर गेली. बादली भरली. खारं पानी, जसं जमिनीतून येते तसं. हयूहयू टाकीत सोडलं, खपरीले धक्का नाई लागू देल्ला. त्या अंड्यातून काय येईन ते येईन. पोरी आल्या तं पोरी. या टाकीचं पानी आता कोनी तपासनार नाई.